सेडम घेताय? ‘हार्डी’ म्हणजे काय ते आधी बघा

सेडम ही जाड, रसदार पानांची बुटकी झाडं. ऑनलाइन फोटोत लाल, पिवळी, तांबूस दिसतात आणि खाली ‘हार्डी’ असं लिहिलेलं असतं. आपण समजतो, झाड चिवट आहे. आहेच, पण हा शब्द युरोप-अमेरिकेतल्या थंडीसाठी आहे, म्हणजे झाड बर्फात तगतं. आपल्याकडे बर्फ कुठला? चार महिने पाऊस. आणि सेडम मरतं ते मुळाशी पाणी साचून.

‘अँजेलिना’ पिवळं असतं, थंडीत नारिंगी होतं. ‘ड्रॅगन्स ब्लड’चा लाल रंगही थंडीतच गडद होतो. ‘ऑटम जॉय’ला गुलाबी फुलांचे गुच्छ येतात, पुढे ते विटकरी होतात, मात्र त्याला कडक हिवाळ्याची विश्रांती लागते. मुंबई-कोकणात या तिघांवर पैसे घालवू नयेत, असं माझं मत.

त्यापेक्षा ‘जेली बीन’ किंवा ‘बरोज टेल’ घ्या. ही बर्फात टिकत नाहीत, म्हणून तिकडे त्यांना कुणी हार्डी म्हणत नाही! जेली बीनची पानं भरपूर उन्हात लाल होतात, सावलीत हिरवीच राहतात. बरोज टेल मूळचं मेक्सिकोचं, निळसर हिरवं. टांगलेल्या कुंडीतून वेणीसारखं लोंबतं. हात लागला की पानं गळतात, पण तीच कोरडसर मातीवर ठेवली की नवी रोपं फुटतात. मुलांना दाखवायला छान.

मातीत निम्मी जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे घाला, कुंडीचं भोक मोकळं ठेवा. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी. जून लागला की कुंड्या पत्र्याखाली, पण उजेडात सरकवा.