आजींचा आवाज पुन्हा मिळणार नाही : पॉडकास्टसाठी माईक आणि कामाची शिस्त

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आईचा हात धरून धम्मदीक्षेला गेलेली दहा वर्षांची मुलगी आज ऐंशीच्या आसपास आहे. अशाच एका आजींची मुलाखत आम्ही वस्तीतल्या पॉडकास्टसाठी घेतली होती. आजी दीड तास भरभरून बोलल्या. घरी येऊन ऐकले, तर अर्धा वेळ पंख्याची घरघर आणि माईकवर घासणाऱ्या पदराची खसखस. मुलाखत चालू असताना आमच्यापैकी कुणीही हेडफोन लावला नव्हता. पुन्हा जाऊ म्हणता म्हणता पावसाळा गेला, आणि आजीही गेल्या.

आता ठिकठिकाणची तरुण मंडळे आम्हाला विचारतात, 'माईक कोणता घ्यावा?' आमचे उत्तर असे की माईकचा प्रश्न दुसरा आहे, पहिला प्रश्न खोलीचा आहे.

आधी खोली

विहाराचे सभागृह मुलाखतीसाठी सोयीचे वाटते, पण उघड्या भिंती, फरशी आणि पत्र्याचे छप्पर यांमुळे तिथे आवाज घुमतो. हा घुमारा नंतर नीट काढता येत नाही. त्यापेक्षा गाद्या, गोधड्या, कपड्यांचे कपाट असलेली घरातली लहान खोली चांगली. खिडक्या लावा, पंखा आणि फ्रिज बंद करा. गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना फ्रिज चालू करायचे विसरणार नाही.

मग माईक

कंडेन्सर माईक संवेदनशील असतो. स्टुडिओत तो उत्तम, पण वस्तीत तो रस्त्यावरचा हॉर्न आणि शेजारचा टीव्हीही टिपतो. डायनॅमिक माईक तोंडाजवळचा आवाज घेतो आणि लांबचा बराचसा सोडून देतो. एकाच जागी बसून भाग करणार असाल तर सॅमसन क्यू२यू सारखा, थेट लॅपटॉपला जोडता येणारा डायनॅमिक माईक पुरतो. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरपा ठेवा.

घरोघरी जाऊन मुलाखती घ्यायच्या असतील, तर कॉलरला लावायचा वायरचा माईक घ्या. बोया बाय-एम१ सारख्या माईकची वायर ६ मीटर असते. तो मोबाईलला चालतो आणि ज्येष्ठांना समोर यंत्र दिसले की येणारा अवघडलेपणाही टळतो. मात्र तो पदराखाली नको, पदराच्या वर लावा आणि गळ्यातली माळ त्याला लागत नाही ना ते पाहा. नव्या मोबाईलला हेडफोनचे गोल छिद्र नसेल, तर जोडणीही सोबत घ्या.

माणसे दोन असतील तर दोन माईक आणि दोन मोबाईल वापरा. दोन्ही रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर एक टाळी वाजवा आणि संपवण्याआधी दुसरी. संपादनात टाळ्या जुळवल्या की दोन्ही आवाज जुळतात.

रेकॉर्डिंगच्या वेळी

मोबाईल फ्लाइट मोडवर ठेवा. एक मिनिट चाचणी घ्या आणि वायरच्या हेडफोनवर ऐका. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. ती शून्याला भिडली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. सुरुवातीला सगळ्यांनी दहा सेकंद गप्प बसा. ही शांतता ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरला नमुना म्हणून दिली, की पंख्यासारखी एकसुरी घरघर कमी करता येते.

रेकॉर्डिंग वेव्ह स्वरूपात करा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका चॅनेलची एक तासाची फाइल साधारण ३०० एमबी होते. श्रोत्यांसाठीची एमपी३ फाइल नंतर बनवा, पण मूळ फाइल जपून ठेवा.

नंतरची शिस्त

आमचे जास्त नुकसान माईकमुळे झाले नाही, गोंधळामुळे झाले. म्हणून कामे वाटून घ्या: एक जण बोलेल, एक जण हेडफोन लावून ऐकेल, एक जण फाइल सांभाळेल. त्याच रात्री फाइलला तारीख, गाव आणि विषय असे नाव द्या. एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या सदस्याच्या घरी ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. संपादनात खोकला आणि लांबलेली शांतता कापा, पण बोलीला हात लावू नका. वऱ्हाडी, मराठवाडी जशी आहे तशी राहू द्या.

संमती

सुरुवातीलाच संमती विचारा आणि ती रेकॉर्ड करा. मुलाखत संपल्यावर 'यातले काय बाहेर जाऊ नये?' असे पुन्हा विचारा. अत्याचाराबद्दल बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव, गाव, कधी कधी आवाजसुद्धा तिला धोक्यात आणू शकतो. तिने नको म्हटले तर तो भाग प्रसिद्ध करायचा नाही, मग तो कितीही प्रभावी असो.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, कारण आपले म्हणणे मांडायला आपल्याकडे पत्र नव्हते. आज साधन खिशात आहे. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेली माणसे तुमच्याच वस्तीत असतील. नव्या माईकसाठी वर्गणी जमेपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी एका ज्येष्ठाकडे जा, पंखा बंद करा, हेडफोन लावा आणि ऐका.

जय भीम!