डबा नव्हे, तरीही न्यूमोनियाच!

पोरगं सातवीत. आठवडाभर अंगात बारीक ताप, डोकं दुखतं, घसा खवखवतो आणि कोरडा खोकला असा की रात्री घरादाराला झोप नाही. तरी सकाळी दप्तर उचलून शाळेत जातंच. बाप डॉक्टरांना सांगतो, "साहेब, पोरगं तसं धड आहे, खोकला तेवढा हटत नाही." एक्स-रे काढला तर फुप्फुसात डाग! न्यूमोनियाचं पोर असं हिंडतं-फिरतं का?

हिंडतं. आपल्याकडे न्यूमोनिया म्हटले की तान्ह्या बाळाचा 'डबा' आठवतो. त्याची ओळख आता गावोगाव झाली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच माणसांना बाळाचे श्वास मोजायला शिकवले, त्याने बालमृत्यू घटले आणि १९९० साली ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका, हे आशाताईंना पाठ असते.

पाच वर्षांपुढच्या मुलांत मात्र दुसराच जंतू पुष्कळदा आढळतो. त्याचे नाव मायकोप्लाझ्मा. १९३८ साली अमेरिकेत डॉ. रायमन यांनी अशा रोग्यांचे वर्णन करून या आजाराला 'अटिपिकल', म्हणजे वेगळ्या धाटणीचा न्यूमोनिया म्हटले.

खरी गोम औषधात आहे. बहुतेक जंतूंना बाहेरून भिंत असते. अमॉक्सिसिलिन ती भिंत नीट बांधू देत नाही, म्हणून जंतू मरतो. मायकोप्लाझ्माला भिंतच नाही! कपाशीवरच्या अळीला बुरशीनाशक मारून काय होणार? तसेच हे. म्हणून अमॉक्सिसिलिन दोन-तीन दिवस नीट घेऊनही ताप उतरला नाही, तर डॉक्टर अॅझिथ्रोमायसिनचा विचार करतात. ते बहुधा पाच दिवसांचे असते: पहिल्या दिवशी जास्त, पुढे निम्मे, आणि मात्रा मुलाच्या वजनावर. आठ वर्षांपुढच्या मुलाला डॉक्सिसायक्लिनही चालते. पहिले औषध देणारा डॉक्टर चुकला, असे मात्र नाही. सुरुवात त्यानेच करायची असते.

पण म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत. साधी सर्दी-खोकला विषाणूंची असते, तिला या गोळ्यांचा उपयोग नाही. उगाच खाल्ल्याने जंतू मुरतात. चीनमध्ये या औषधाला न जुमानणारा मायकोप्लाझ्मा फार पसरला आहे. २०२३ च्या अखेरीस तिथल्या उत्तर भागात दवाखाने आजारी मुलांनी भरले, त्यात या जंतूचाही वाटा होता. तेव्हा दिल्लीहून आपल्या राज्यांनाही तयारीचा आढावा घ्या, असे कळवले गेले होते.

निदान सोपे नाही. रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात खोटा दिलासा देऊ शकते. घशातल्या स्रावाची पीसीआर तपासणी चांगली, पण ती शहरात. पूर्वी डॉक्टर रक्ताची नळी बर्फात धरून बघत. रक्तात कण जमले आणि हाताच्या उबेने विरघळले, की संशय बळावे. आजही तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांचा कान, एक्स-रे आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत यांवरच भिस्त असते.

तेव्हा हकीकत नीट सांगा. घरात किंवा वर्गात आणखी कोण खोकतंय? हा आजार अंगात शिरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी उठतो, त्यामुळे घरात एकामागून एक माणूस पडतो. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत तर खाटेला खाट लागून. मुख्याध्यापक, सरपंचांनी एकाच खोलीतली तीन-चार पोरे खोकताना दिसली, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे.

लागू पडणाऱ्या औषधाने ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. खोकला तीन-चार आठवडे रेंगाळू शकतो. त्यासाठी डॉक्टर बदलत फिरू नये. मात्र दोन आठवड्यांवर खोकला गेला की क्षयाची तपासणी करून घ्यावीच, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. आणि पोराला धाप लागली, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ निळे पडले, गुंगी आली किंवा तोंडात फोड उठून अंगावर पुरळ आले, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन लावा. जाताना आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटे पिशवीत टाका. आधी काय दिलं होतं, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारणार.