विश्लेषण : क्लोरोफॉर्ममधला क्लोरिन सापडत का नाही?

मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की दह्यासारखा पांढरा साका लगेच दिसतो. क्लोरोफॉर्मच्या एका रेणूत क्लोरिनचे तीन अणू असतात, तरी त्यात हेच द्रावण टाकले तर साका येत नाही. मग सेंद्रिय संयुगात कोणते मूलद्रव्य आहे, हे ओळखायचे कसे? अकरावीपासून बीएस्सीच्या प्रॅक्टिकलपर्यंत आणि नीट-जेईईच्या प्रश्नांतही हा विषय भेटतो.

अडचण नेमकी कुठे?

मिठात क्लोरिन आयनाच्या रूपात असतो, पाण्यात सुटा होतो. सेंद्रिय संयुगात तो कार्बनला सहसंयुज बंधाने जखडलेला असतो. सिल्व्हर नायट्रेटला आयन हवा असतो, अणू नव्हे. नायट्रोजन आणि गंधकाचेही तेच. त्यामुळे आधी संयुग मोडावे लागते.

लासेन कसोटी काय आहे?

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झां लुई लासेन पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवत. त्यांनी 1843 मध्ये नायट्रोजन ओळखण्याची पद्धत मांडली. आज ती अशी करतात : मुगाच्या दाण्याएवढा सोडियम टिपकागदाने कोरडा करून छोट्या नळीत वितळवायचा, त्यात चिमूटभर पदार्थ टाकायचा, नळी लालबुंद करून ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवायची. नळी फुटते. पाणी उकळून गाळले की ‘सोडियम अर्क’ तयार. नायट्रोजन आता सायनाइडच्या, गंधक सल्फाइडच्या आणि हॅलोजन हॅलाइडच्या रूपात असतो.

इथे नळाचे पाणी वापरले तर? त्यात क्लोराइड असतेच. मग वर्गातल्या प्रत्येकाच्या पदार्थात क्लोरिन ‘सापडतो’!

रंग काय सांगतात?

अर्कात फेरस सल्फेट घालून उकळायचे आणि विरल सल्फ्युरिक आम्ल टाकायचे. उकळताना थोड्या फेरसचे फेरिक होते आणि सायनाइड असेल तर प्रशियन निळा रंग उमटतो. आम्लाआधी दिसणारा हिरवट गढूळपणा लोहाच्या हायड्रॉक्साइडचा असतो. तो पाहून ‘नायट्रोजन नाही’ असे लिहून मोकळे होणारे कमी नाहीत.

गंधकासाठी अ‍ॅसेटिक आम्ल आणि लेड अ‍ॅसिटेट : काळा साका. सोडियम नायट्रोप्रुसाइडने जांभळा रंग. थायोयुरियासारख्या संयुगात नायट्रोजन आणि गंधक दोन्ही असतात. सोडियम कमी पडला तर ते एकत्र राहून थायोसायनेट बनते. तेव्हा निळा रंग येत नाही, फेरिक क्लोराइडने रक्तासारखा लाल येतो. सोडियम पुरेसा असेल तर थायोसायनेट मोडते आणि दोन्ही कसोट्या वेगवेगळ्या येतात.

हॅलोजनच्या वेळी नायट्रिक आम्ल कशाला?

गुण सर्वाधिक इथेच जातात. अर्कात सायनाइड असेल तर सिल्व्हर सायनाइडही पांढराच दिसतो. सल्फाइड असेल तर काळा साका येतो. म्हणून आधी संहत नायट्रिक आम्लाबरोबर उकळून दोन्ही घालवायचे. त्यानंतर पांढरा, अमोनियात विरघळणारा साका म्हणजे क्लोरिन; फिकट पिवळा, जेमतेम विरघळणारा ब्रोमिन; गडद पिवळा, न विरघळणारा आयोडिन. फ्लोरिन मात्र या कसोटीत निसटतो, कारण सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात विरघळते.

हायड्राझिनमध्ये नायट्रोजन असूनही कसोटी नकारार्थी येते. त्यात कार्बनच नाही, मग सायनाइड बनणार कुठून?

धोका किती?

बराच. सायनाइडच्या अर्कात आम्ल टाकताना विषारी हायड्रोजन सायनाइड वायू निघतो, म्हणून हे काम धूरपेटीतच करायचे. उरलेला सोडियम बेसिनमध्ये टाकू नये. अल्कोहोलमध्ये हळूहळू संपवावा. आणि ज्या क्लोरोफॉर्मने सुरुवात केली, तो सोडियमबरोबर तापवायचाच नाही : स्फोट होऊ शकतो. कार्बन टेट्राक्लोराइडचेही तसेच.

मग अशा वेळी?

बाइलश्टाइन यांची 1872 ची युक्ती आहे. तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, किंचित पदार्थ लावून पुन्हा ज्योतीत धरायची. हिरवी ज्योत दिसली तर हॅलोजनची शक्यता. पीव्हीसीच्या तुकड्यावरही ती दिसते. पण हॅलोजनचा लवलेश नसलेला युरियाही ज्योत हिरवी करतो, त्यामुळे केवळ या ज्योतीवर उत्तर लिहिता येत नाही.