मोटार व तिचा सारथी

मोटार हें वाहन आज आमच्या मुलांच्या इतक्या परिचयाचें झालें आहे कीं, तींत नवल वाटण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. परंतु सारथ्याच्या जागेवर बसून पाहिलें, तर त्याच्या कामांत केवढा पालट झाला आहे हें ध्यानांत येईल. त्याचें एकेक काम यंत्रानें काढून घेतलें आहे. मग त्याच्याकडे उरलें तरी काय, याचा थोडा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

सन १८८८ मध्यें जर्मनींतील बेर्था बेंझ या बाईंनीं, आपल्या पतीनें बनविलेल्या मोटारींतून दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत, सुमारें १०० किलोमीटरांचा प्रवास केला. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनीं टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. ब्रेक झिजले, तेव्हां चांभाराकडून त्यांवर कातडें बसवून घेतलें. त्या काळीं सारथी हा अर्धा कारागीर असावा लागे. पुढेंही कित्येक वर्षें मोटारीच्या तोंडाशीं उभें राहून, लोखंडी दांडा फिरवून इंजिन सुरू करावें लागे. तो दांडा उलट फिरला, तर मनगट मोडण्याचें भय असे. सन १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांनीं तयार केलेला विजेचा स्टार्टर बसला, आणि हें भय सरलें.

हातापायांचे कष्ट असे कमी झाल्यावर यंत्रानें सारथ्याच्या कौशल्यास हात घातला. ब्रेकचेंच उदाहरण घ्या. ओल्या रस्त्यावर सायकलीचा ब्रेक करकचून दाबला, म्हणजे चाक थांबतें, पण सायकल थांबत नाहीं. ती घसरत जाते, हा अनुभव आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस असेल. फिरतें चाक रस्ता धरून असतें, म्हणून तें वळवावें तिकडे वाहन वळतें. जखडलेलें चाक नुसतें फरफटतें. तें कोणीकडेही वळविलें, तरी वाहन पहिल्याच दिशेनें पुढें जातें. यास्तव जुने जाणते सारथी घसरड्या रस्त्यावर ब्रेक थोडा दाबीत, थोडा सोडीत. हेंच काम सन १९७८ पासून मर्सिडीज कंपनीच्या मोटारींत यंत्र करूं लागलें. चाकांची गति मोजणारीं साधनें त्यांत असतात. एखादें चाक जखडूं लागलें कीं, त्यावरील दाब क्षणभर कमी होतो व पुन्हां वाढतो; आणि असें एका सेकंदांत अनेक वेळां घडतें. आपल्या देशांत सन २०१९ च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना, तसेंच १२५ सी.सी. हून मोठ्या इंजिनाच्या नव्या मोटारसायकलींना, ही योजना सक्तीची झाली.

परंतु येथेंच एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अशा मोटारीच्या ब्रेकवर जोरानें पाय दिला, म्हणजे पायाखालीं धडधड जाणवते. ज्यास हें ठाऊक नाहीं, तो कांहीं तरी मोडलें असें समजून पाय उचलतो, आणि नेमक्या त्याच क्षणीं घात होतो. ब्रेक दाबण्या-सोडण्याची जुनी संवयही आतां उपयोगाची नाहीं. पाय घट्ट दाबून धरावा व अडथळा चुकविण्यासाठीं स्टिअरिंग वळवावें, हा नवा धडा होय. यंत्रानें एक कौशल्य घेतलें. पण दुसरें शिकण्याचें काम सारथ्यावरच ठेविलें.

वाट दाखविण्याचें कामही आतां यंत्राकडे गेलें आहे. सुमारें २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह अचूक वेळ व आपली जागा सतत कळवीत असतात. संदेश पोंचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर समजतें, आणि निदान चार उपग्रहांच्या संदेशांवरून आपण कोठें आहों हें फोन ठरवितो. एकदां भर पावसाळ्यांत आम्ही कोकणांतील एका गांवीं निघालों होतों. फोनमधील आवाज सरळ जाण्यास सांगत होता. समोर तर ओढ्याच्या फरशीवरून गढूळ पाणी वाहत होतें. आमच्या सारथ्यानें मोटार थांबविली व गुरें राखणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांस विचारलें. पाणी अजून चढत आहे, असें सांगून त्यांनीं दूरच्या पुलाची वाट दाखविली. तासभर उशीर झाला, पण आम्ही सुखरूप पोंचलों. यंत्रास रस्ता ठाऊक होता. पाणी ठाऊक नव्हतें.

आतां तर कांहीं मोटारींना कॅमेरा व रडार यांचे डोळे आले आहेत. त्यांच्या साह्यानें मोटार पुढील गाडीपासून अंतर राखते, प्रसंगीं स्वतः ब्रेकही लावते. यानें प्राण वाचतात, यांत शंका नाहीं. परंतु मनुष्यस्वभाव असा आहे कीं, पहाऱ्यास दुसरा कोणी आहे असें कळलें, म्हणजे आपले डोळे पेंगूं लागतात. ताशीं ८० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत २२ मीटर धांवते. फोनवरील निरोप वाचण्यांत तीन सेकंद गेले, तर ६६ मीटर वाट डोळे मिटून कापल्यासारखी झाली; आणि तेवढ्या वाटेंत शाळेंतून घरीं निघालेलें एखादें मूल रस्ता ओलांडीत असावयाचें! कॅमेऱ्यावर चिखल उडाला किंवा पाऊस दाट झाला, तर यंत्राचा डोळाही अधू होतो.

सारांश, सारथ्याकडे उरलें आहे तें अवधान. आणि तें दुसऱ्यावर सोंपवितां येत नाहीं. विद्यार्थ्यांनो, तुम्ही सारथ्याशेजारीं बसलां, तर त्याचा फोन तुम्ही सांभाळा. पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलाला अठरा वर्षें पूर्ण होईपर्यंत मोटारीची किल्ली त्याच्या हातीं देऊं नये. सन १९५९ मध्यें व्होल्वो कंपनींतील नील्स बोलीन यांनीं योजिलेला तीन टोकांचा पट्टा आज बहुतेक प्रत्येक मोटारींत आहे. मोटार कितीही शहाणी झाली, तरी तो पट्टा बांधण्यास अजून आपलाच हात लागतो, हें आपण विसरूं नये.