जुन्या अँबेसेडरचा मागचा एक्सल : किती दातांचा घ्यावा?

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा खुला झाला आणि नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता तयार झाला. तेव्हापासून आमच्या वालूर-सेलू भागात, ज्यांच्या दारात अजून जुनी अँबेसेडर उभी आहे, अशी मंडळी आम्हाला एकच प्रश्न विचारतात : "शेठ, हिला समृद्धीवर न्यायची तर मागचे डिफरन्शियल बदलावे का?" प्रश्न मेकॅनिकचा आहे, पण तो कापडवाल्यांना विचारला जातो याचेही कारण आहे. माल पाहायला मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी आम्ही याच गाडीने गाठले. पुढे तिघे, मागे चौघे, डिकीत ताके, अशी ती वर्षानुवर्षे चालली. तिची तबियत कशाने बिघडते आणि कशाने सुधारते, हे आम्हाला दुकानाच्या वहीइतके ठाऊक आहे.

मामला साधा नाही. हिंदुस्थान मोटर्सने मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना बंद केला. त्यामुळे आज जे इंजिन गाडीत आहे तेच सांभाळावयाचे आहे. चुकीचे दात बसवले तर एकतर इंजिन दिवसभर ओरडत राहील किंवा चढावर दम तोडील. दोन्ही प्रकारांत नुकसान मालकाचेच.

आधी हे दात म्हणजे काय ते पाहू. इंजिनाची फिरकी लांब शाफ्टमधून मागे येते. तिथे एक लहान पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवते आणि क्राऊन चाकांना फिरवतो. पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९ दात असतील तर ३९ भागिले ८, म्हणजे ४.८७५ हा रेशो झाला. ९ आणि ४१ असतील तर ४.५६ आणि १० आणि ४३ असतील तर ४.३. आकडा मोठा तितका ओढ जास्त व धाव कमी. आकडा लहान तितकी धाव जास्त व ओढ कमी. ज्यांनी पॉवरलूम पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. चेंज व्हीलचे दात बदलले की इंचातले पिक बदलतात. माग तोच, मोटर तीच, पण कापड दाट निघते किंवा विरळ.

वालूरच्या माणसाला आणखी सोपी मिसाल देता येते. आमच्या गावात पायऱ्या गोल गोल फिरत खाली जाणारी जुनी बारव आहे आणि लोक दुरून ती पाहायला येतात. तिच्यात उतरणारा माणूस जास्त पावले टाकतो, पण धाप कमी लागते. सरळ उभ्या पायऱ्यांच्या विहिरीत पावले कमी पडतात आणि वर येताना गुडघे बोलू लागतात. ४.८७५ म्हणजे गोल पायऱ्या, ४.३ म्हणजे उभ्या.

आता पहिले काम : आपल्या गाडीत काय बसवलेले आहे ते मोजणे. पुस्तकात काय छापले आहे यावर विसंबू नये. या गाडीत इंजिने बदलत गेली आणि मागच्या मालकाने कुठून काय आणून बसवले त्याचा भरवसा नाही. मोजायची रीत अशी. गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा, मागचे फक्त एक चाक जॅकवर उचला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडा. उचललेल्या चाकाला आणि शाफ्टला खडूने खूण करा. चाक वीस फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दुसरे चाक जमिनीवर अडकलेले असल्यामुळे क्राऊन यात दहाच वेळा फिरतो. शाफ्टचे फेरे पावणेएकोणपन्नास आले तर ४.८७५, साडेपंचेचाळीसच्या किंचित वर आले तर ४.५६ आणि बरोबर त्रेचाळीस आले तर ४.३. गाडीखाली डोके घालावयाचे असेल तर जॅकवर इत्मिनान ठेवू नका, एक्सलखाली लाकडी ठोकळा द्या.

दुसरे काम टायरचे. पुष्कळ गाड्यांना आता मूळचे ५.९० बाय १५ चे उंच टायर राहिलेले नाहीत, त्यांच्या जागी आखूड रेडियल आले आहेत. टायर आखूड झाला की चाकाला तेवढ्याच रस्त्यासाठी जास्त फेरे घ्यावे लागतात, म्हणजे मालकाने नकळत रेशो आणखी मोठा केला. १८५/६५ आर १५ चा टायर मूळ टायरपेक्षा सुमारे पाच टक्के लहान भरतो. काही लोक डिफरन्शियलला दोष देतात, आणि चोर टायरमध्ये बसलेला असतो. आपल्या हातात तर मीटरची पट्टी असतेच. नेहमीची माणसे गाडीत बसवा, टायरवर व जमिनीवर खूण करा, चाकाचा एक पुरा फेरा होईपर्यंत गाडी ढकला आणि अंतर मोजा. मूळ टायरला ते दोन मीटरच्या आसपास येईल.

दोन मीटर धरून हिशोब करू. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला ६६७ फेरे घेते. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट बरोबरीने फिरतात, म्हणून ४.८७५ च्या एक्सलवर इंजिनाचे फेरे ३,२५० होतात, ४.५६ वर ३,०४० आणि ४.३ वर सुमारे २,८७०. ताशी १०० ला हेच आकडे अनुक्रमे ४,०६०, ३,८०० आणि ३,५८० होतात. समृद्धीवर मोटारींना सपाट भागात १२० ची मर्यादा आहे, पण तो आकडा आपल्या गाडीसाठी नाही, हे चालवणाऱ्याने मनात पक्के करून ठेवावे. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी आहे ती.

हे फेरे कशाला इतके महत्त्वाचे? १,४८९ सीसीचे जुने पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्याचे आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव जवळपास ८९ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात पिस्टनला लांबचा पल्ला. शिवाय क्रँकशाफ्ट फक्त तीन मेन बेअरिंगांवर उभा. अशा इंजिनाची सारी ताकद, ५० च्या आसपास अश्वशक्ती, ४,२०० फेऱ्यांच्या सुमारास येते. म्हणजे ४.८७५ च्या एक्सलवर ताशी १०० ने जाणारा माणूस तासन्‌तास इंजिनाला त्याच्या अखेरच्या टोकाला धरून ठेवतो. सेलू ते परभणी एवढ्या प्रवासात ते खपून जाते. जालन्याहून आमण्यापर्यंत ते खपणार नाही.

मग सरळ ४.३ का बसवू नये? इथेच बरेच लोक घाई करतात. या एकाच १,४८९ सीसी इंजिनाला खुद्द विलायतेतल्या कारखान्याने तीन वेगवेगळे एक्सल दिले होते. १९५३ च्या एमजी मॅग्नेट झेडए या चार दारांच्या गाडीला ४.८७५. पुढे १९५६ मध्ये झेडबी काढली, इंजिनाची ताकद वाढवली, तेव्हा ४.५५. आणि १९५५ च्या एमजीए या दोन माणसांच्या उघड्या गाडीला ४.३. पण त्या एमजीएला दोन कार्ब्युरेटर होते, ताकद सत्तरच्या घरात होती आणि वजन आपल्या गाडीपेक्षा कितीतरी कमी. म्हणजे रेशो इंजिन पाहून ठरत नाही, इंजिनावर टाकलेले ओझे पाहून ठरतो. पन्नास अश्वशक्तीच्या भरलेल्या अँबेसेडरला एमजीएचे दात लावणे म्हणजे बैलगाडीला टांग्याचे घोडे समजण्यासारखे आहे.

४.८७५ वरून ४.३ वर आलात तर प्रत्येक गिअरमध्ये चाकांवरची ओढ शेकडा १२ ने घटते. ४.५६ वर आलात तर शेकडा साडेसहा. सपाट रस्त्यावर हे जाणवणार नाही. जाणवेल ते वालूरच्या बाजारातून सात माणसे घेऊन निघताना, कारण पहिला गिअरही तेवढाच कमजोर झाला आणि क्लच घासू लागला. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावरही जाणवेल. आणि भिवंडीहून परत येताना सह्याद्री चढताना तर जाणवेलच. इगतपुरीच्या बोगद्याने कसारा घाटाची वळणे टळली हे खरे, पण उंची टळली नाही, चढ फक्त लांबला. अशा लांब चढावर ४.३ ची गाडी टॉपमध्ये ओढत नाही, म्हणून थर्ड टाकावा लागतो, आणि थर्ड टॉपच्या साधारण दीडपट असल्याने इंजिन पुन्हा आरडाओरडा करते. जे टाळायला खर्च केला तेच पदरी पडते.

आमचा सल्ला असा. जुने १,४८९ चे पेट्रोल इंजिन असेल, कॉम्प्रेशन चांगले असेल, आणि गाडी गावातही चालवायची व महामार्गावरही, तर ४.५६ घ्यावा आणि ताशी ८० च्या आसपास डाव्या बाजूने आरामात जावे. ४.३ त्यांनीच घ्यावा जे दोघेच फिरतात आणि गाडी मुख्यतः मोठ्या रस्त्यावरच काढतात. १,४८९ चे डिझेल असेल तर हात लावू नका. त्या इंजिनाची ताकद सदतीस अश्वशक्तीच्या घरातली, तिला आहे ती ओढच कमी पडते. १९९० च्या दशकात आलेल्या १.८ इसुझू इंजिनाच्या गाड्यांना पाच गिअर आहेत. त्यात पाचवा गिअर इंजिनाचे फेरे आपोआप उतरवतो आणि पहिला गिअर गावासाठी शाबूत राहतो. अशा गाडीच्या मालकाने एक्सलचा विचार सोडून टायरच नीट घ्यावेत.

खरेदीत फसवणूक फार आहे. कोलकात्याचा मल्लिक बाजार आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड ही जुन्या सुट्या भागांची ठिकाणे सर्वांना माहीत आहेत, पण बाजार कोणताही असो, क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यावेत. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि पुष्कळदा दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना एका दुकानदाराने क्राऊन एका गाडीचा आणि पिनियन दुसऱ्या गाडीचे असे दिले. दात मोजले तर बरोबर भरत होते, पण गाडी रस्त्यावर येताच कुत्र्यासारखी विव्हळू लागली. पैसे देण्याआधी दात उन्हात धरून पाहावेत. टोके तुटलेली, पृष्ठभागावर खड्डे पडलेले किंवा जळून निळे झालेले असतील तर फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. एक्सल शाफ्टच्या स्प्लाइन मोजून जुन्याशी ताडून पाहाव्यात. बसवणाराही जाणता हवा. शिम घालून पिनियनची खोली ठरवणे आणि दातांना रंग लावून खूण कुठे उमटते ते पाहणे, हे ज्याला येते त्यालाच काम द्यावे. तेल हायपॉइड गिअरचे ईपी ९० च घालावे.

पेट्रोलच्या बचतीसाठी कोणी हे करीत असेल तर हिशोब ऐका. समजा गाडी वर्षाला ५,००० किलोमीटर चालते आणि लिटरला दहा देते. दात बदलून ती अकरा देऊ लागली तर वर्षाला सुमारे ४५ लिटर वाचले. लिटरचे शंभर रुपये धरले तर साडेचार हजार. सेट, मजुरी, बेअरिंग, सील आणि जाण्यायेण्याचा खर्च यातून कधी फिटेल ते ज्याने त्याने पाहावे. फायदा आहे तो इंजिनाच्या आयुष्याचा आणि कानांचा.

जीपवाल्यांसाठी दोन शब्द. जुन्या सीजे-३बी जीपचे दात ४३ आणि ८, म्हणजे ५.३८ चा रेशो. तिला ८० ची धाव मुळातच जड जाते. फोर-व्हील जीपचा फक्त मागचा एक्सल बदलला आणि पुढचा तसाच ठेवला तर फोर-व्हील लावताच दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतील आणि काहीतरी तुटेल. बदलायचे तर दोन्ही.

काम झाल्यावर स्पीडोमीटर खोटे बोलू लागतो, कारण त्याची केबल गिअरबॉक्समधून येते आणि मागे काय बदलले ते तिला कळत नाही. ४.८७५ काढून ४.३ बसवला तर काटा १०० दाखवील तेव्हा गाडी ११३ ने धावत असेल, आणि समृद्धीवरचे कॅमेरे काट्याकडे पाहत नाहीत. मीटर दुरुस्त करणाऱ्याकडून तो जुळवून घ्यावा. काढलेला जुना सेट मात्र भंगारात देऊ नये. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून, जोडक्रमांकाची चिठ्ठी बांधून ठेवावा. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते. त्या नोंदणीवर गाडी रोज चालवता येत नाही, म्हणून फिरणाऱ्याला ती नको. पण उद्याचा गिऱ्हाईक तीच मागणारा असेल, तर मूळचे दात सोबत असलेल्या गाडीला तो दोन पैसे जास्त देईल.