माळावरची फुले (भाग ५) : घटाच्या माळेतला तरवड

गेल्या भागात कारळ पाहिला. घटाच्या माळेतला त्याचा जोडीदार म्हणजे तरवड. मराठवाड्यात घट बसले की रोज एक माळ चढते आणि तरवडाच्या पिवळ्याधमक फुलांसाठी बायका-पोरं बांधाकडे वळतात. पैठण परिसरात ती नदीकाठच्या काळ्या रानापेक्षा मुरमाड माळावर, गाडीवाटेच्या कडेला, गायरानात सापडतात. पण रस्ते रुंद झाले, बांध नांगराखाली गेले आणि झुडूप मागे हटले. घटासाठी आता झेंडू विकत आणतात. झेंडूशी माझे भांडण नाही. पण चार हात पडीक जागा असेल त्यांनी तरवड मुद्दाम लावावा, असे मला मनापासून वाटते.

जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. कालव्याखालच्या शेताला त्याचे पाणी मिळते, चढावरचा माळ मात्र अजून आभाळाकडेच बघतो. तरवड त्या माळाचा आहे. सोटमूळ खोल जाते, म्हणून पावसाने ताण दिला तरी झुडूप तग धरते. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणही लागत नाही. फुले थोडीफार वर्षभर येतात, पण भाद्रपद-आश्विनात झुडूप भरून जाते.

फूल जवळून पाहा. पाच पाकळ्या, मधोमध वाकडे लांब पुंकेसर. त्यात मध नाही, फक्त पराग, आणि तोही पुंकेसराच्या टोकाच्या बारीक छिद्रात कोंडलेला. काळा भुंगा येतो, पुंकेसरांना बिलगतो आणि जोराने गुणगुणतो. त्या कंपाने पराग त्याच्या पोटावर सांडतो. सकाळी झुडपाजवळ थांबलात तर हा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

झाडाची साल पूर्वी कातडी कमावायला वापरत, कारण तिच्यात टॅनिन भरपूर असते. आपली गोदावरी पुढे तेलंगणात जाते, तिथे याच फुलाला तंगेडु म्हणतात. बतुकम्माची फुलांची उतरंड त्याच्यावाचून होत नाही आणि ते त्या राज्याचे राज्यफूलही आहे.

आता लावण. हिवाळ्यात चपट्या शेंगा वाळून तपकिरी झाल्या की बी काढून ठेवा. कवच टणक असते. तसेच पेरले तर बरेचसे बी नुसते पडून राहते. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बी टाका, रात्रभर भिजू द्या, सकाळी फुगलेले तेवढे निवडा. मृगाचा पाऊस झाल्यावर जागेवरच टोबा, एका ठिकाणी दोन-तीन बिया, बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल. पिशवीत रोप करून लावण्यात सोटमूळ दुखावते, म्हणून जागेवरची पेरणीच बरी. पाणी साचणारी जागा मात्र टाळा. पहिल्या वर्षी तण काढा, पावसाने फार ओढ दिली तर तांब्याभर पाणी घाला. खत नको. भरघोस बहर बहुधा दुसऱ्या वर्षापासून येतो. तो ओसरला की शेंडे छाटा, म्हणजे झुडूप दाट होते.

माळेसाठी फांदी ओरबाडू नका, फुले खुडा. आणि प्रत्येक झुडपावर दोन-चार घोस शेंगांसाठी राखा. पुढच्या मृगाला बी तिथूनच मिळेल.