चावडी, सातबारा आणि संगणक

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील मौजे धावडा येथल्या एखाद्या खातेदारास आज आपल्या जमिनीचा सातबारा हवा असला, तर तलाठ्याच्या सज्जावर हेलपाटे न घालता, १ मे २०१८ पासून सुरू झालेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सोयीमुळे, तो पंधरा रुपयांत घरबसल्या मिळू शकतो. आणि ज्याचे पूर्वी याच कागदापायी दिवसच्या दिवस मोडले, तो या सोयीला क्षुल्लक म्हणणार नाही. तथापि त्याच खातेदाराने नवी जमीन खरेदी करून आपले नाव दप्तरी चढवायचे म्हटले, की फेरफाराची नोंद, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण, हा १९६६ च्या जमीन महसूल संहितेने आखलेला मार्ग त्याला चुकत नाही. ती मुदत गैर आहे असे नव्हे, कारण तिच्यामुळे कित्येकांच्या जमिनी वाचल्या असतील. परंतु संगणक आला म्हणजे कारभारच बदलेल, ही जी अपेक्षा सर्वत्र पसरली होती, ती मात्र फोल ठरली.

यंत्रांविषयी तक्रारीस जागा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या, निर्वात नलिकांवर चालणाऱ्या टिफ्रॅक संगणकाहून कितीतरी पटींनी समर्थ यंत्र आज शेतकऱ्याच्या खिशात असते. सॉफ्टवेअर घडविण्याची विद्या मात्र त्या वेगाने वाढली नाही, आणि हे गाऱ्हाणे नवेही नाही: जर्मनीतील गार्मिश येथे १९६८ साली भरलेल्या परिषदेत या क्षेत्रातील तज्ज्ञांनीच त्याची उघड चर्चा केली होती. आय.बी.एम.च्या एका अवाढव्य प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९८६ साली त्याची मीमांसा केली ती अशी, की लिहिण्याची यातायात नव्या साधनांनी हलकी होईल, पण मुळात काय हवे आहे हे निःसंदिग्धपणे ठरविण्याची अडचण कोणतेही साधन दूर करणार नाही.

या मीमांसेचा प्रत्यय सातबाराइतका अन्यत्र क्वचितच येईल. हस्तलिखित दप्तरात कुठे एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करताना क्षेत्र चुकलेले, कुठे चार भावांची नावे लिहून हिस्से मोघम ठेवलेले, कुठे मयताच्या नावाला कंस करावयाचा राहून गेलेला. पण खरी स्थिती तलाठ्यास आणि गावास ठाऊक असल्याने त्या मोघमपणावर पिढ्यान्‌पिढ्या निभावले. संगणकाला मोघमपणा चालत नाही; खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळलीच पाहिजे, असा त्याचा हट्ट. शिवाय नोंदी चढविताना नव्या चुकांची भर पडली, ती वेगळीच. अखेर २०१७ साली शासनाने संगणकीकृत सातबारांचे गावोगाव चावडी वाचन करविले. म्हणजे यंत्रातील दप्तर खरे की खोटे याची शहानिशा, मुलकी कारभाराच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, ग्रामस्थांसमोर मोठ्याने वाचून झाली. माझ्या मते त्या साऱ्या खटाटोपातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच होती.

त्याच वर्षीच्या कर्जमाफीत हे शहाणपण विसरले गेले. अर्ज ऑनलाइन, बँकांची माहिती ठरावीक रकान्यांत, आणि दिवाळीचा मुहूर्त गाठण्याची घाई. मग नावे, आधार क्रमांक व खाते क्रमांक एकमेकांशी जुळेनात आणि याद्या रखडल्या. सातबारावरचा बाबुराव, आधारवरचा बाबू आणि बँकेच्या पासबुकातला बाबासाहेब हा एकच इसम आहे, हे पारावर बसणारा कोणीही सांगेल. पण ते सॉफ्टवेअरला कोणत्या पुराव्यावर मानू द्यावे, हे आधी कोणी ठरविलेच नव्हते. हा निर्णय धोरणकर्त्यांचा होता, आणि तो त्यांनी प्रोग्रामरच्या गळ्यात टाकला. अशा वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे सेवा केंद्रातले ठरलेले उत्तर पुष्कळदा सोयीचे पडते.

तेव्हा धावड्याच्या आणि अन्य गावच्या खातेदारांस विनंती एवढीच, की जुना हस्तलिखित सातबारा व फेरफार यांच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढून नव्या उताऱ्याशी रकान्यावार ताडून पाहाव्यात. लेखनप्रमाद आढळल्यास त्याच १९६६ च्या संहितेच्या कलम १५५ अन्वये तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो.